वळ्या पडलेल्या ऑइल शेलचे वय कसे ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात भूशास्त्र शिकणाऱ्याच्या डोळ्यांना आडव्या थरांची सवय असते. वेरूळचा डोंगर घ्या, बालाघाटची रांग घ्या किंवा गावातली खोदलेली विहीर. लाव्ह्याचा एक थर दुसऱ्यावर बसलेला दिसतो आणि खालचा जुना, वरचा नवा हा नियम कुठे चुकत नाही. हाच विद्यार्थी आसामच्या डोंगरपट्ट्यात गेला की तिथे थरांना वळ्या, म्हणजे घड्या, पडलेल्या असतात; थर उभे असतात, उलटे असतात, कधी तोच थर तीनदा समोर येतो. अशा खडकाचे वय यंत्राआधी डोंगराच्या उतारावर ठरते. कोणता तुकडा कुठून उचलला हे चुकले, तर पुढचे सगळे आकडे अचूक येऊनही निरुपयोगी ठरतात. नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यार्थी-शिक्षकांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मराठवाड्यात ऑइल शेल आहे का?

नाही. ऑइल शेल म्हणजे तापवल्यावर तेल देणारा, सेंद्रिय भाग असलेला गाळाचा खडक. इथला जवळजवळ सगळा भाग मात्र दख्खनच्या बेसाल्टने झाकलेला आहे. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा असून त्यातला बराचसा भाग १० लाख वर्षांहून कमी काळात ओतला गेला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर आणि मग थेट प्राचीन स्फटिकी पाया. ऑइल शेलला जागा उरते ती फक्त त्या मधल्या गाळात, पण तो फारच पातळ आहे. नांदेडच्या देगलूर-मुखेड भागात तर ग्रॅनाइट उघडाच आहे.

आमच्या बोअरमधून काळा, तेलाचा वास येणारा चुरा निघाला. मग तो काय?

बहुतेक वेळा ते मशीनचेच तेल असते. बोअर घेणारा हॅमर हवेच्या दाबावर चालतो आणि त्याला वंगण म्हणून हवेबरोबर तेल सोडावे लागते. ते चुऱ्याला लागते. जुन्या बोअरमध्ये मोटारीचे तेल गळते. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा, त्याचा खनिज तेलाशी संबंध नाही.

खात्री करायला खडा साबणाने धुऊन वाळवा. चाकूने त्याची पातळ ढलपी निघते का पाहा. ऑइल शेलची निघते, बेसाल्टची निघत नाही. ढलपी चिमट्यात धरून ज्योतीवर धरली की ऑइल शेल धुरकट पेटतो आणि डांबरासारखा वास येतो. वजनातही फरक कळतो. बेसाल्टची घनता घन सेंटिमीटरला ३ ग्रॅमच्या जवळ, ऑइल शेल त्याहून बराच हलका. काळा पाषाण, मांजऱ्या किंवा गेरूचा थर यांपैकी काहीही या परीक्षेत पेटणार नाही.

ऑइल शेल आणि शेल ऑइल एकच का?

नाही. ऑइल शेलमध्ये तयार तेल नसते. त्यात केरोजेन असते, म्हणजे शेवाळ, सूक्ष्मजीव आणि वनस्पती यांचा गाळात दबलेला पण अजून न शिजलेला घन सेंद्रिय भाग. तेल काढायचे तर खडक तापवावा लागतो. प्रमाणित फिशर परीक्षेत १०० ग्रॅम चुरा मिनिटाला १२ अंश या वेगाने ५०० अंश सेल्सियसपर्यंत नेतात, तिथे ४० मिनिटे ठेवतात आणि निघालेले तेल मोजतात. शेल ऑइल हे निसर्गाने आधीच शिजवलेले, घट्ट खडकात अडकलेले द्रव तेल.

भारतात वळ्या पडलेला ऑइल शेल पाहायला कुठे जावे?

वरच्या आसामात आणि लगतच्या अरुणाचल प्रदेशात. मार्गेरिटाजवळच्या माकुम कोळसा क्षेत्रात बराइल गटाच्या टिकाक पर्बत थरांमध्ये कोळशाच्या जोडीने ऑइल शेल आहे. हे थर ऑलिगोसीन काळातले, म्हणजे ३ कोटी ३९ लाख ते २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यातले. भारतीय आणि बर्मी भूपट्टांच्या दाबाने हा पट्टा चिरफाळला आहे. नागा थ्रस्ट आणि डिसांग थ्रस्ट यांच्या मधल्या या भागाला नागा शुपेन पट्टा म्हणतात. थ्रस्ट म्हणजे खडकाचा एक पत्रा दुसऱ्यावर चढवणारा भ्रंश. खडकाचे पत्रे एकमेकांवर कौलांसारखे चढलेले आहेत. डिगबोईचे तेलक्षेत्रही याच पट्ट्यातले.

गुजरातेतला खंबायत शेल हा दुसरा साठा. तो खचदरीतला आहे. तिथे भ्रंश आहेत, पण आसामसारखा चुराडा नाही.

"या थराचे वय किती?" हा प्रश्न पुरेसा नाही, असे का सांगता?

कारण अशा थराला किमान तीन वये असतात. गाळ साचला ते पहिले. तो खोल दबून तापला आणि त्यातले केरोजेन शिजू लागले ते दुसरे. वळ्या पडल्या, भ्रंशांवरून सरकला ते तिसरे. यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते आणि प्रत्येकासाठी वेगळे खनिज, वेगळी पद्धत लागते. रेनियम-ऑस्मियम ही पद्धत आणि ज्वालामुखीच्या राखेतला झिरकॉन (युरेनियम-शिसे पद्धतीने मोजले जाणारे खनिज) पहिले वय देतात. अ‍ॅपटाइटमधल्या विखंडन-रेषा तापून थंड होण्याचा इतिहास सांगतात. इलाइट हे चिकणमातीतले खनिज आणि शिरांमधला कॅल्साइट तिसऱ्या वयाकडे नेतात. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आपण कोणते वय शोधतोय ते लिहून ठेवावे, असा आमचा आग्रह आहे.

त्यात भरपूर सेंद्रिय कार्बन असतो. मग कार्बन-१४ का वापरत नाही?

कार्बन-१४चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. सुमारे ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगे काही उरत नाही. ऑइल शेल लाखो-कोट्यवधी वर्षांचा. त्यातून आकडा आलाच तर तो हाताळणीतून किंवा मुळांतून शिरलेल्या ताज्या कार्बनचा असतो.

थर सुलटा आहे की उलटा, हे कसे ओळखायचे?

शेलमध्ये खुणा कमी असतात, म्हणून आधी त्याच्यालगतच्या वाळूखडकाकडे पाहा. जाड कण खाली आणि बारीक वर अशी प्रतवारी असेल तर बारीक कणांची बाजू वरची. तिरप्या थरांचे वरचे टोक कापलेले आणि खालचे टोक अलगद टेकलेले असते. वाळू ओल्या चिखलात रुतल्याने झालेले फुगवटे नेहमी खालच्या बाजूला असतात.

शेलमध्ये विदलन असेल, म्हणजे दाबामुळे खडक ज्या समांतर प्रतलांवर फुटतो ती दिसत असतील, तर आणखी एक कसोटी आहे. थर आणि विदलन एकाच दिशेला झुकलेले असताना विदलन थरापेक्षा उभे असेल तर थर सुलटा. थरच विदलनापेक्षा उभा असेल तर तो उलटलेला. ही कसोटी फक्त त्याच वळीबरोबर तयार झालेल्या विदलनाला लागू पडते. दोनदा वळ्या पडलेल्या भागात ती सरळसरळ फसवते, म्हणून एका खुणेवर निर्णय देऊ नका. दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा एकच दिशा दाखवत असतील तरच नकाशावर बाण काढा.

छेदात काळ्या शेलचे तीन पट्टे दिसतात. तीन थर आहेत की एकच थर तीनदा?

वळ्यांच्या प्रदेशात सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. घडी केलेल्या गोधडीत सुई आरपार घातली तर एकच कापड तिला अनेकदा लागते. आडव्या वळीतून गेलेल्या बोअरचेही तसेच.

प्रत्येक पट्ट्याच्या वर-खाली काय आहे ते सेंटिमीटरच्या तपशिलाने लिहा. पट्टा एक मध्ये कोळसा–ऑइल शेल–वाळूखडक असा क्रम आणि पट्टा दोन मध्ये बरोबर उलटा क्रम असेल, तर मधून वळीचा अक्ष जातो. क्रम तसाच पुन्हा आला, उलटला नाही, तर थ्रस्टने पुनरावृत्ती झाल्याचा संशय घ्या आणि दोन पट्ट्यांच्या मधे चुरडलेला, चकचकीत घासलेला पट्टा शोधा.

जाडीही तपासा. थर ज्या कोनात झुकतो ती नती, आणि तिच्या दिशेला काटकोनात थरावरून जाणारी आडवी रेषा म्हणजे नतिलंब. सपाट जमिनीवर नतिलंबाला काटकोनात मोजलेली रुंदी गुणिले नतिकोनाचा साइन म्हणजे खरी जाडी. ६० अंश नतीच्या थराची रुंदी २० मीटर भरली तर खरी जाडी १७.३ मीटर. मात्र शेल मऊ असल्याने वळीच्या माथ्यावर तो फुगतो आणि भुजांवर, म्हणजे वळीच्या दोन बाजूंवर, ताणून पातळ होतो. दोन पट्ट्यांची जाडी जुळत नाही एवढ्यावरून ते वेगळे थर ठरत नाहीत.

एवढे करूनही शंका उरली तर रेनियम-ऑस्मियम मदतीला येते. दोन्ही पट्ट्यांचे वय आणि ऑस्मियमचे आरंभीचे, म्हणजे गाळ साचतानाचे, समस्थानिक गुणोत्तर (दोन्ही पुढे समजावले आहेत) त्रुटीच्या मर्यादेत जुळले तर एकच थर असण्याला चांगला आधार मिळतो. पुरावा मिळतो असे म्हणत नाही, कारण लगोलग साचलेले दोन थर या पद्धतीला वेगळे ओळखता येत नाहीत.

रेनियम-ऑस्मियम पद्धत नेमकी कशावर चालते?

समुद्राच्या किंवा सरोवराच्या पाण्यात रेनियम आणि ऑस्मियम अत्यल्प प्रमाणात विरघळलेले असतात. तळाशी प्राणवायू नसला की ते पाण्यातून बाहेर पडून सेंद्रिय गाळाला चिकटतात. कवचाच्या सामान्य खडकात रेनियम अब्जात एक भाग एवढे असते, तर समृद्ध काळ्या शेलमध्ये अब्जात दहा, कधी शंभरहून जास्त भाग. रेनियम-१८७ सावकाश ऑस्मियम-१८७ मध्ये बदलते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षे.

महत्त्वाची गोष्ट ही की हे मूलद्रव्य गाळाबरोबर वाहून आलेल्या जुन्या कणांचे नाही, तर साचण्याच्या वेळच्या पाण्याचे आहे. म्हणून मिळते ते साचण्याचे वय. पूर्वी शेलच्या अख्ख्या खडकावर रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धत वापरत. त्यात वाहून आलेली जुनी माती मिसळलेली असल्याने येणारे वय ना धड गाळाचे असे, ना मूळ डोंगराचे. आज तो मार्ग धरू नये.

गणित समजावून सांगाल का?

एकाच थरातल्या अनेक तुकड्यांसाठी आडव्या अक्षावर रेनियम-१८७ भागिले ऑस्मियम-१८८ आणि उभ्या अक्षावर ऑस्मियम-१८७ भागिले ऑस्मियम-१८८ मांडा. सगळ्यांचे वय आणि आरंभीचे गुणोत्तर सारखे असेल आणि मधे काही आत-बाहेर झाले नसेल, तर बिंदू एका रेषेवर येतात. हीच आयसोक्रोन. रेषेच्या चढात १ मिळवून त्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्या आणि १.६६६ गुणिले १०चा उणे ११वा घात या क्षयांकाने भागा. उत्तर वर्षांत येते. चढ ०.०००५ असेल तर वय ३ कोटी वर्षे. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते आरंभीचे गुणोत्तर.

याच उदाहरणात आसामसारख्या तरुण थराची अडचण दिसते. ३ कोटी वर्षांत आडव्या अक्षावर ६०० इतका फरक असलेल्या दोन तुकड्यांत उभ्या अक्षावर फक्त ०.३ फरक पडतो. त्या तुकड्यांचे आरंभीचे गुणोत्तर मुळातच ०.०३ ने वेगळे असेल तर वयात १० टक्के चूक आली. म्हणजे ३० लाख वर्षे. शिवाय दलदलीत साचलेल्या थरांत रेनियम कमी असण्याची शक्यता मोठी. म्हणून तिथे रेनियम-ऑस्मियमवर एकट्याने भिस्त ठेवू नये, परागकणांची जोड घ्यावीच. तुलनेला अमेरिकेतला ग्रीन रिव्हर ऑइल शेल पाहा. तो सरोवरात साचलेला असूनही समृद्ध आहे, म्हणून त्याचे रेनियम-ऑस्मियम वय सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षे असे चांगले आले.

नमुने किती, कुठून आणि कसे घ्यायचे?

एका आयसोक्रोनसाठी किमान ८ ते १० तुकडे. सगळे एकाच पातळीच्या थरातून, उभी जाडी जमल्यास अर्ध्या मीटरच्या आत, फार तर एक मीटर. थराच्या लांबीने काही मीटर अंतर ठेवून घ्या. त्यामुळे रेनियमचे प्रमाण बदलते आणि रेषेला लांबी मिळते. एकाच जागचे दहा तुकडे घेतले तर सगळे बिंदू एका ठिकाणी गोळा होतात आणि चढ ठरत नाही.

प्रत्येक तुकडा ५० ते १०० ग्रॅमचा असू द्या. सेंटिमीटरच्या अंतरावर रेनियम आणि ऑस्मियम थोडे सरकतात. मोठा तुकडा दळला की तो फरक सरासरीत मिटतो. २० ग्रॅमच्या खाली जाऊच नये.

वळीत जागा निवडताना विचार करावा लागतो. थर एकमेकांवर घसरून वळी पडते तेव्हा घसरण भुजांवर जास्त आणि माथ्यावर जवळपास शून्य असते. पण माथ्यावर भेगा, शिरा आणि विदलन दाटते, आणि शिरांतून द्रव फिरलेला असतो. आमची पसंती लांब, सरळ भुजेच्या मधल्या भागाला आहे, जिथे घासलेली पृष्ठे आणि पांढऱ्या शिरा निदान अर्धा मीटर दूर असतील. पायराइटच्या गाठी टाळा.

ताजा खडक लागतो. रेनियम हवेत लवकर निसटते. पृष्ठभागावर तांबूस गंज, पिवळी भुकटी किंवा जिप्समचे चकाकते स्फटिक दिसले तर पायराइट कुजला आहे, तो तुकडा सोडा. बोअरचा गाभा मिळाला तर सर्वांत उत्तम. खाणीचा नवा कापलेला दर्शनी भाग दुसरा पर्याय. रस्त्याकडेची जुनी कापणी वापरायची तर निदान काही दशांश मीटर आत खणा.

तुकड्यावर मार्करने लिहू नका, चिकटपट्टी लावू नका. पिशवीवर लिहा. प्रत्येकासाठी वरची दिशा, नतिलंब, नती आणि ओळखीच्या थरापासूनचे अंतर वहीत हवे. ही नोंद राहिली तर तुकडा फेकून द्यावा लागतो.

प्रयोगशाळेत त्याचे काय होते?

डायमंडच्या करवतीने कापतात, मग करवतीच्या खुणा घासून काढतात, कारण धातूचा ओरखडा म्हणजे बाहेरचे रेनियम. पोलादाचा खलबत्ता वापरत नाहीत. झिर्कोनिया किंवा अ‍ॅगेटच्या भांड्यात बारीक पूड करतात.

अर्धा ते एक ग्रॅम पूड, मोजून घातलेले रेनियम-१८५ आणि ऑस्मियम-१९० यांचे मिश्रण आणि सुमारे ८ मिलिलिटर क्रोमिक-सल्फ्युरिक आम्ल जाड काचेच्या नळीत सीलबंद करून २४० अंशांवर ४८ तास ठेवतात. हे आम्ल मुद्दाम निवडलेले आहे. ते सेंद्रिय भागातले रेनियम-ऑस्मियम सोडवते, पण वाहून आलेल्या सिलिकेट कणांना फारसे हात लावत नाही. त्याऐवजी अम्लराज वापरले तर जुने कणही विरघळतात आणि बिंदू विखुरतात. पुढे क्लोरोफॉर्मने ऑस्मियम वेगळे काढून सूक्ष्म ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात, रेनियम आयन-विनिमय राळेतून काढतात आणि दोन्ही ऋण आयनांच्या वस्तुमान वर्णपटमापकावर मोजतात.

हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहण्याचे नाही. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, ऑस्मियम टेट्रॉक्साइड उडून जाणारे आणि डोळ्यांना घातक आहे, आणि गरम नळीत दाब साठलेला असतो. ती गोठवल्याशिवाय उघडत नाहीत.

एवढी उलथापालथ, एवढी उष्णता झाल्यावर हे घड्याळ बिघडत नाही का?

नुसत्या वळ्यांनी आणि नुसत्या उष्णतेने सहसा बिघडत नाही. कॅनडातल्या एक्सशॉ शेलमध्ये तेल तयार होण्याच्या टप्प्यातून गेल्यावरही वय ३६ कोटी १३ लाख वर्षे, अधिक-उणे २४ लाख, असे आले आणि ते डेव्होनियन-कार्बोनिफेरस सीमेशी जुळते. कॅनडातल्याच ओल्ड फोर्ट पॉइंट थरांवर क्लोराइट दर्जाचे रूपांतरण झाले आहे, तरी ६० कोटी ७८ लाख, अधिक-उणे ४७ लाख वर्षे मिळाली. आपल्याकडे मसुरीजवळच्या मालदेवता आणि दुरमाला खाणींतल्या काळ्या शेलवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने १९९९ मध्ये ५५ कोटी ४० लाख, अधिक-उणे १ कोटी ६० लाख वर्षे हे वय प्रसिद्ध केले. हिमालयाच्या घडणीत सापडलेल्या खडकांनी ते जपून ठेवले होते.

बिघडवतो तो द्रव. ऑस्ट्रेलियातल्या वॉलोगोरँग थरांचे साचण्याचे वय झिरकॉनवरून सुमारे १७३ कोटी वर्षे, पण रेनियम-ऑस्मियमने १३५ कोटी ९० लाख, अधिक-उणे १५ कोटी दाखवले. गरम खनिजयुक्त पाणी त्यातून फिरून गेले होते. भ्रंशाजवळचा, शिरांनी भरलेला तुकडा टाळा असे वारंवार सांगण्याचे कारण हेच.

बिंदू रेषेवर येत नाहीत. काय चुकले?

विखुरण एमएसडब्ल्यूडी या आकड्याने मोजतात. तो १ च्या आसपास असेल तर विखुरण फक्त मोजणीच्या त्रुटीएवढे आहे. २-३ च्या वर गेला की खडकातच काही घडले आहे. मग रेषेपासून दूर गेलेल्या तुकड्यांची जागा नकाशावर पाहा. सगळे भ्रंशाजवळचे असतील तर द्रव. सगळे पृष्ठभागाजवळचे असतील तर हवामान. अर्धे एका समांतर रेषेवर आणि अर्धे दुसरीवर असतील तर आरंभीचे गुणोत्तर वेगळे, म्हणजे आपण दोन पातळ्या किंवा दोन थ्रस्ट-पत्रे एक समजून मिसळली. हे शेवटचे वळ्यांच्या प्रदेशात फार होते. त्यावर उपाय एकच, दोन गट वेगळे मांडणे.

नावडता बिंदू कारणाशिवाय काढू नका. काढलात तर कोणता, का, आणि तो ठेवला असता तर वय किती आले असते, हे तिन्ही लिहा. दोन्ही अक्षांवरच्या त्रुटी एकमेकींशी बांधलेल्या असतात, तो सहसंबंधांक गणितात घातला नाही तर एमएसडब्ल्यूडीलाच अर्थ राहत नाही.

शेलमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पातळ थर सापडला तर?

तर नशीब समजा आणि आधी तोच घ्या. एस्टोनियाच्या कुकर्साइट ऑइल शेलच्या थोड्या वर किन्नेकुल्ले नावाचा राखेचा थर आहे. त्यातल्या झिरकॉनने सुमारे ४५ कोटी ४० लाख वर्षे दिली आणि अख्ख्या प्रदेशाला काळाची खुंटी मिळाली.

२ ते ५ किलो राख घ्या. जड द्रव आणि चुंबकाने झिरकॉन वेगळे करतात. लेसरने मोजले तर त्रुटी १-२ टक्के, रासायनिक घर्षण करून एकेक कण विरघळवून मोजला तर ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. रासायनिक घर्षणात कण ९०० अंशांवर सुमारे ४८ तास तापवून मग हायड्रोफ्लोरिक आम्लात त्याचे इजा झालेले भाग काढून टाकतात.

धोका असा की राख कुजून चिकणमाती होते आणि वळी पडताना थर तिच्यावरूनच घसरतात. मग शेजारचे कण तिच्यात मिसळतात. राखेला चकचकीत रेघोट्या असतील तर जास्त कण मोजा आणि सर्वांत तरुण, आपसात जुळणारा गट पाहा. वाळूखडकातला झिरकॉन मात्र फक्त कमाल वय सांगतो. थर सर्वांत तरुण कणापेक्षा जुना नसतो, एवढेच.

परागकण आणि बीजाणू अजूनही उपयोगी आहेत का?

ऑलिगोसीनच्या दलदलीतल्या थरांसाठी फार. हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाने खनिजे विरघळवून उरलेला सेंद्रिय भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन गोष्टी सांभाळा. खडक २०० अंशांच्या आसपास तापला असेल तर कण काळे पडतात आणि ओळखू येत नाहीत. आणि आसामच्या तरुण गाळात पर्मियन काळातले गोंडवनी परागकण वाहून आलेले सापडतात. त्यांचा रंग बहुधा अधिक गडद असतो. जुने कण मोजून थर जुना ठरवू नका, तरुण कणांवरून वय धरा.

हायड्रोफ्लोरिक आम्ल साधे समजू नका. धूर ओढणारे कपाट, योग्य हातमोजे आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर बाटली उघडायचीच नाही.

वळ्या कधी पडल्या, हे कशावरून?

आधी स्वस्त पुरावा. वळलेल्या थरांवर न वळलेला थर बसला असेल तर वळ्या त्याच्या आधीच्या. भ्रंश ज्याला कापतो त्याच्यापेक्षा तो तरुण.

मग भ्रंशाची चिकणमाती. तिच्यात घर्षण आणि गरम पाण्यामुळे नवे इलाइट वाढते. १००-२०० ग्रॅम माती दळू नका. गोठवणे-वितळवणे करून मोकळी करा, नाहीतर जुने मोठे कण फुटून बारकांत मिसळतात. मग पाण्यात निथळून आणि सेंट्रिफ्यूजने २ ते ०.१ मायक्रोमीटरपर्यंत आकारगट करा आणि प्रत्येकाचे पोटॅशियम-आर्गॉन वय काढा. कण जितके बारीक तितके वय तरुण येते. क्ष-किरणांनी जुन्या प्रकारच्या इलाइटचे प्रमाण मोजून ते शून्यावर आणले की भ्रंशाचे वय हाती येते. भाग कधीच १०० अंशांपर्यंत तापला नसेल तर नवे इलाइट फारसे नसते आणि ही मेहनत वाया जाते.

सरकतानाच भरलेल्या कॅल्साइटच्या शिरांवर लेसरने युरेनियम-शिसे वय काढता येते. युरेनियम कमी, सुरुवातीचे शिसे जास्त, त्यामुळे बऱ्याच शिरा निकाल देत नाहीत. ८-१० शिरा घेऊन जाल तेव्हा दोन-तीन चालतील, अशा तयारीने जा.

खडक किती तापला होता, हे आधी कसे कळेल?

रॉक-इव्हल चाचणीने. सुमारे १०० मिलिग्रॅम पूड पुरते. टीमॅक्स म्हणजे पूड तापवताना केरोजेनमधून सर्वाधिक तेल-वायू सुटतात ते तापमान. ते ४३५ अंशांच्या खाली असेल तर केरोजेन कच्चे, ४३५ ते ४६५ मध्ये तेलाचा टप्पा. विट्रिनाइट या लाकडापासून झालेल्या कणाचे प्रकाश-परावर्तन ०.६ टक्क्यांना पोचले की तेल सुरू होते. ही चाचणी सर्वांत आधी करा, कारण पुढची कोणती पद्धत चालेल ते तिच्यावर ठरते.

दोन पद्धतींनी दोन वये आली तर कोणते खरे?

जालन्याशेजारी, बुलडाणा जिल्ह्यातले लोणार पाहा. थर्मोल्युमिनेसन्सने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले होते, आर्गॉन-आर्गॉनने ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. ल्युमिनेसन्सचा साठा ठरावीक मर्यादेपर्यंतच भरतो आणि गळूही शकतो, तर आर्गॉन खडक वितळला त्या क्षणापासून मोजते. दोन्हींची सरासरी काढणे हा सर्वांत वाईट पर्याय. प्रत्येक आकडा कोणत्या घटनेचा आहे ते आधी ठरवा. ऑइल शेलमध्ये झिरकॉन ३ कोटी आणि इलाइट १ कोटी म्हणत असेल तर भांडण नाही, एक गाळाचे वय आहे आणि दुसरे सरकण्याचे.

मराठवाड्यात राहून यातले काय शिकता येईल?

बरेच. ब्रंटन कंपासने नती-नतिलंब मोजणे, स्टिरिओनेटवर (दिशा मांडायच्या गोल जाळीवर) मांडणे, गाभ्याची नोंद करणे हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलासारख्या ठिकाणी शिकता येते. देगलूर-बिलोलीकडच्या ग्नाइसमध्ये पत्रण आणि लहान वळ्यांवर मोजमापाचा सराव होतो. परागकणांसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि समस्थानिकांसाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था किंवा अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांच्याशी विभागामार्फत पत्रव्यवहार करावा. नमुना उचलण्याच्या आधी करावा. नंतर कळते की तुकडे लहान आहेत किंवा पोलादी हातोड्याने फोडले आहेत.

अहवालात वय कसे लिहायचे?

आकडा, त्रुटी, त्रुटी एक सिग्मा (प्रमाण विचलन) की दोन सिग्मा, क्षयांकाची अनिश्चितता धरली की नाही, तुकड्यांची संख्या, एमएसडब्ल्यूडी, आरंभीचे गुणोत्तर. त्याच पानावर छेद हवा, त्यावर प्रत्येक तुकड्याची जागा, थराची वरची दिशा आणि जवळच्या भ्रंशापर्यंतचे अंतर. थर उलटा असेल तर तसे स्पष्ट लिहा आणि कोणत्या दोन खुणांवरून ठरवले तेही. उरलेली पूड आणि तुकड्याचा निम्मा भाग क्रमांक घालून विभागात जपून ठेवा, म्हणजे पुढच्या कोणालाही तेच मोजून पाहता येईल.